व्यावसायिक दूरध्वनी यंत्रणेतील विदासंप्रेषण

कार्यालय, कारखाना, रुग्णालय, हॉटेल अशा ठिकाणच्या खासगी दूरध्वनी यंत्रणेतून संभाषणाखेरीज संगणकीय माहिती, म्हणजेच विदा (डेटा), वाहून नेण्याच्या आणि अशा अनेक यंत्रणा परस्परांना जोडण्याच्या सोयींना व्यावसायिक दूरध्वनी यंत्रणेतील विदासंप्रेषण असे म्हणतात. या खासगी यंत्रणेला इंग्रजी आद्याक्षरांवरून पीबीएक्स हे नाव आहे. भारतात ती ईपीएबीएक्स म्हणून, तर रोजच्या बोलण्यात नुसती 'इंटरकॉम' म्हणून ओळखली जाते.

१९७५ च्या सुमारास संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणाऱ्या अंकीय पीबीएक्स बाजारात आल्या. कार्यालयातील दूरध्वनी ज्या यंत्रणेने जोडले आहेत तिनेच पुढे सर्व संगणकही जोडले जातील, अशी तेव्हा अनेक उत्पादकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात घडले ते याच्या उलट. संगणकांसाठी निर्माण झालेल्या जाळ्याने दूरध्वनीलाच आपल्यात सामावून घेतले आणि माणसाचा आवाज हा विदेचाच एक प्रकार बनला. या बदलामुळे खर्च कमी झाला व सोयी वाढल्या. मात्र वीज गेल्यावरही चालू राहणे, आणीबाणीत कॉल हमखास लागणे यांसारखे जुन्या यंत्रणेचे जे गुण गृहीत धरले जात होते, ते नव्या यंत्रणेत मुद्दाम योजून आणावे लागतात.

पार्श्वभूमी

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८७६ मध्ये दूरध्वनीचे पेटंट मिळाले. प्रत्येक दूरध्वनी इतर प्रत्येक दूरध्वनीला स्वतंत्र तारेने जोडायचा झाल्यास १०० दूरध्वनींसाठी ४,९५० जोडण्या लागतील. त्याऐवजी सर्व तारा एका मध्यवर्ती ठिकाणी आणून तेथे हव्या त्या दोन तारा जोडून दिल्या, तर १०० तारा पुरतात. हेच दूरध्वनी केंद्राचे मूळ तत्त्व होय. या तत्त्वावरील पहिले व्यापारी केंद्र १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे सुरू झाले. १८९१ मध्ये आल्मन स्ट्रोजर यांना स्वयंचलित जोडणीयंत्राचे पेटंट मिळाले आणि ऑपरेटरच्या मदतीशिवाय कॉल जोडणे शक्य झाले.

पीबीएक्स हे अशाच केंद्राचे एका इमारतीपुरते लहान रूप आहे. इमारतीतील प्रत्येक दूरध्वनीला 'एक्स्टेंशन' म्हणतात, तर सार्वजनिक केंद्राकडे जाणाऱ्या तारांना 'ट्रंक लाइन'. सर्व कर्मचारी एकाच वेळी बाहेर बोलत नसल्यामुळे ट्रंक लाइनींची संख्या एक्स्टेंशनपेक्षा बरीच कमी ठेवता येते. आतल्या आत केलेल्या कॉलला बाहेरची लाइन लागत नाही. या दोन बचती हे पीबीएक्स बसवण्यामागील मूळ कारण होते.

अमेरिकेत दूरध्वनी कंपनीखेरीज इतरांनी बनवलेले उपकरण तिच्या तारांना जोडण्यास दीर्घकाळ मनाई होती. तेथील संघराज्य दळणवळण आयोगाने १९६८ मध्ये 'कार्टरफोन' या उपकरणासंबंधी दिलेल्या निर्णयामुळे ही मनाई शिथिल झाली. त्यानंतर मोडेम आणि पीबीएक्स यांच्या निर्मितीत स्वतंत्र कंपन्या उतरल्या.

मोडेमचा काळ

दूरध्वनीची तार मानवी आवाजासाठी आखलेली होती. स्पष्ट संभाषणासाठी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा कंप्रतापट्टा पुरतो, म्हणून यंत्रणा तेवढाच पट्टा वाहून नेते. संगणकाची विदा ही शून्य आणि एक या दोनच चिन्हांची मालिका असते. ती या पट्ट्यातून पाठवण्यासाठी तिचे ऐकू येणाऱ्या सुरांत रूपांतर करावे लागते आणि दुसऱ्या टोकाला सुरांचे पुन्हा अंकांत. हे दुहेरी काम करणारे उपकरण म्हणजे मोडेम. १९६० च्या दशकातील 'बेल १०३' या मोडेमचा वेग दर सेकंदाला ३०० बिट होता. वाढत वाढत तो १९९६ पर्यंत ३३.६ किलोबिटपर्यंत आणि १९९८ मधील 'व्ही.९०' मानकामुळे एका दिशेने कमाल ५६ किलोबिटपर्यंत गेला.

पीबीएक्सच्या मागे मोडेम वापरताना काही खास अडचणी येत. 'व्ही.९०' चा पूर्ण वेग मिळण्यासाठी मार्गात सुरांचे अंकांत रूपांतर एकदाच व्हावे लागते. पीबीएक्स स्वतःच असे आणखी एक रूपांतर करत असल्यास वेग ३३.६ किलोबिट किंवा त्याहून खाली येई. मोडेम चालू असताना दुसरा कॉल आल्याची सूचना देणारा टोन वाजला किंवा ऑपरेटर मध्येच लाइनवर आला, तर विदा बिघडे आणि जोडणी तुटे. म्हणून अनेक पीबीएक्समध्ये ठरावीक एक्स्टेंशनला अशा व्यत्ययांपासून संरक्षण देणारी सोय ठेवलेली असे. तसेच अंकीय दूरध्वनीच्या सॉकेटमध्ये साधा मोडेम लावल्यास तो जळण्याचा धोका असे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या त्या सॉकेटमधील विद्युत्‌ प्रवाह निराळा असे.

अंकीय पीबीएक्स

आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याची कल्पना ब्रिटिश अभियंता अलेक रीव्ह्‌ज यांनी १९३७ मध्ये मांडली. तिला स्पंद संकेत नियमन म्हणतात. या पद्धतीत आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहितात. ८,००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००. म्हणून एका संभाषणाला एका दिशेने दर सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. हा आकडा पुढे सबंध अंकीय दूरध्वनी व्यवस्थेचे एकक ठरला.

दोन मोजमापांमधल्या रिकाम्या वेळेत इतर संभाषणांची मोजमापे बसवली, की एकाच तारेवरून अनेक संभाषणे नेता येतात. यास कालविभाजन म्हणतात. अमेरिकेत १९६२ मध्ये सुरू झालेल्या 'टी-१' वाहिनीत अशी २४ संभाषणे बसत आणि तिचा एकूण वेग दर सेकंदाला १.५४४ मेगाबिट होता. युरोपात रूढ झालेल्या व भारतानेही स्वीकारलेल्या 'ई-१' वाहिनीत ३२ कालखंड असून त्यांपैकी ३० संभाषणांसाठी वापरतात. तिचा वेग २.०४८ मेगाबिट आहे.

१९७५ मध्ये कॅनडातील नॉर्दर्न टेलिकॉमची 'एसएल-१' आणि अमेरिकेतील रोल्म कंपनीची 'सीबीएक्स' या यंत्रणा आल्या. यांत आवाज अंकरूप होऊनच जोडणीयंत्रातून जात असे आणि जोडणीचे नियंत्रण संगणक करत असे. आवाज अंकरूप झाल्यावर यंत्रणेच्या दृष्टीने संभाषण आणि विदा यांत मूलभूत फरक उरला नाही. ६४ किलोबिटांच्या मार्गातून आवाजाऐवजी संगणकाची विदा पाठवली, तरी जोडणीयंत्राचे काम तेच राहते. यातूनच पुढील सोयी विकसित झाल्या.

विदाजोड : अंकीय दूरध्वनीच्या मागे संगणक किंवा टर्मिनल जोडण्यासाठी 'आरएस-२३२' प्रकारचे सॉकेट देत. एकाच तारेवरून संभाषण आणि विदा एकाच वेळी चालत. दूरध्वनीवर क्रमांक फिरवावा तसा क्रमांक देऊन टर्मिनलवरून हव्या त्या मोठ्या संगणकाशी जोडणी करता येई.

सामायिक मोडेम : प्रत्येक टेबलावर मोडेम ठेवण्याऐवजी थोडे मोडेम पीबीएक्सजवळ ठेवत. ज्याला बाहेरच्या संगणकाशी जोडायचे असेल, त्याला त्यांतील रिकामा मोडेम आपोआप मिळे. सर्व मोडेम गुंतलेले असल्यास मागणी रांगेत ठेवली जाई.

कॉलची नोंद : प्रत्येक कॉलचा क्रमांक, वेळ, कालावधी आणि एक्स्टेंशन यांची नोंद एका केबलद्वारे प्रिंटरकडे किंवा संगणकाकडे पाठवली जाई. हॉटेलात पाहुण्याच्या बिलात दूरध्वनीचा खर्च आपोआप मिळवणे यामुळे शक्य झाले. ही सोय साधी असली तरी दीर्घकाळ टिकली.

परिपथ की पॅकेट?

१९८० च्या दशकात कार्यालयांत वैयक्तिक संगणक आले आणि ते परस्परांना कसे जोडावेत हा प्रश्न उभा राहिला. पीबीएक्सच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद होता : प्रत्येक टेबलापर्यंत दूरध्वनीची तार आधीच पोहोचलेली आहे, मग नवी केबल का टाकावी? आयबीएमने १९८४ मध्ये रोल्म कंपनी विकत घेतली, तेव्हा संगणक आणि दूरध्वनी यांच्या मीलनाचे युग आले असे मानले गेले. तथापि पुढच्याच वर्षी आयबीएमने संगणकांसाठी 'टोकन रिंग' हे स्वतंत्र जाळे बाजारात आणले आणि १९८८ मध्ये रोल्मचा व्यवसाय जर्मनीच्या सीमेन्स कंपनीकडे सोपवण्याचा करार जाहीर केला.

पीबीएक्स मागे पडण्याचे मुख्य कारण तिच्या रचनेतच होते. दूरध्वनीची जोडणी परिपथ पद्धतीची असते. कॉल लागल्यापासून संपेपर्यंत दोन टोकांमधला मार्ग त्या दोघांसाठीच राखून ठेवला जातो, मग कोणी बोलत असो वा गप्प असो. संभाषणाला ही पद्धत योग्य आहे. संगणकाची गरज मात्र निराळी असते. तो बराच वेळ काहीच पाठवत नाही आणि मग एकदम पुष्कळ विदा पाठवतो. त्याच्यासाठी राखून ठेवलेला मार्ग बहुतेक वेळ रिकामा राहतो आणि गरजेच्या क्षणी अपुरा पडतो.

यंत्रणेच्या क्षमतेचे गणितही यामुळे कोलमडते. डेन्मार्कचे गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी दूरध्वनीच्या वर्दळीचा सिद्धांत मांडला. वर्दळीचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एक मार्ग तासभर सतत गुंतलेला असणे म्हणजे एक एर्लांग. एका कार्यालयात १०० कर्मचारी तासाला प्रत्येकी दोन कॉल करतात आणि प्रत्येक कॉल तीन मिनिटे चालतो, असे समजू. एकूण ६०० मिनिटे, म्हणजे १० एर्लांग वर्दळ होईल. तिला पुरून उरतील एवढे थोडे मार्ग ठेवले की काम भागते. त्याच १०० जणांनी सकाळी टर्मिनल जोडून ते दिवसभर तसेच ठेवले, तर वर्दळ १०० एर्लांग होते. संभाषणासाठी आखलेल्या यंत्रणेला ती पेलत नाही.

वेगाचा फरक त्याहून मोठा होता. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ, डेव्हिड बॉग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ पासून विकसित केलेल्या ईथरनेट या जाळ्याचे १० मेगाबिट वेगाचे मानक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. ईथरनेटमध्ये विदेचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, करतात. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो आणि सर्व संगणक एकच मार्ग आळीपाळीने वापरतात. दहा लाख बाइटांची, म्हणजे ८० लाख बिटांची, फाइल ६४ किलोबिटांच्या मार्गाने पाठवण्यास १२५ सेकंद लागतात. १० मेगाबिटांच्या जाळ्यावर, अडथळा नसल्यास, एक सेकंदही लागत नाही. टर्मिनलवर अक्षरे टंकण्यापुरते पीबीएक्सचे साधन पुरेसे होते. फाइली, चित्रे आणि सामायिक प्रिंटर यांच्यासाठी ते अपुरे ठरले.

तारांचा वारसा

विदावाहनाच्या स्पर्धेत पीबीएक्स मागे पडली, तरी तिच्या तारांची मांडणी टिकून राहिली. सुरुवातीच्या ईथरनेटमध्ये जाड समाक्ष केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत आणि सर्व संगणक तिलाच जोडत. केबल एके ठिकाणी तुटली की सगळे जाळे बंद पडे आणि बिघाड शोधणे जिकिरीचे होई. याउलट दूरध्वनीची मांडणी ताऱ्यासारखी असते. मजल्यावरील एका खोलीतून प्रत्येक टेबलाकडे पीळ दिलेल्या तारांची स्वतंत्र जोडी जाते. एक तार बिघडली तर एकच दूरध्वनी बंद पडतो.

१९९० मध्ये मान्य झालेल्या '१०बेस-टी' या मानकाने ईथरनेट याच पद्धतीच्या पीळदार तारांवर व ताऱ्यासारख्या मांडणीवर आणले. मध्यवर्ती खोलीतील उपकरणापासून संगणकापर्यंत १०० मीटर ही अंतराची मर्यादा तेव्हापासून रूढ आहे. आज कार्यालयात दिसणारी, मजल्यावरच्या एका कपाटातून प्रत्येक टेबलाकडे जाणारी जाळ्याची केबल ही दूरध्वनीच्या तारेचीच वारसदार आहे.

अनेक पीबीएक्सचे जाळे

एका संस्थेची कार्यालये अनेक शहरांत असल्यास त्यांच्या पीबीएक्स भाड्याच्या कायम जोडणीने जोडतात. अशा जोडणीला 'टाय लाइन' म्हणतात. तीमुळे दुसऱ्या शहरातील सहकाऱ्याला केवळ एक्स्टेंशनचा क्रमांक फिरवून बोलता येते. दोन पीबीएक्सना कॉल जोडण्याखेरीज इतरही माहिती एकमेकींना द्यावी लागते : बोलणाऱ्याचे नाव, दुसऱ्या टोकाचा दूरध्वनी गुंतलेला आहे का, कॉल कोठे वळवायचा, निरोप ठेवल्याचा दिवा लावायचा का, इत्यादी. यासाठी ब्रिटनमध्ये 'डीपीएनएसएस' आणि पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर 'क्यूसिग' हे संकेतनियम तयार झाले. भिन्न उत्पादकांच्या यंत्रणांना एकमेकींची भाषा कळावी, हा क्यूसिगचा हेतू होता.

सार्वजनिक दूरध्वनी जाळे टोकापर्यंत अंकीय करण्याच्या प्रयत्नातून आयएसडीएन ही सेवा निर्माण झाली. तिच्या मूलभूत जोडणीत ६४ किलोबिटांच्या दोन वाहिन्या आणि संकेतांसाठी १६ किलोबिटांची एक वाहिनी असते. मोठ्या जोडणीला 'पीआरआय' म्हणतात. युरोप व भारतात तीत ३०, तर उत्तर अमेरिकेत २३ मुख्य वाहिन्या असतात. भारतातील अनेक मध्यम व मोठ्या कार्यालयांच्या ईपीएबीएक्स अशा पीआरआय लाइनीने सार्वजनिक केंद्राला जोडलेल्या असत. एकाच लाइनीतून ३० कॉल येत आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला बाहेरून थेट लागणारा क्रमांकही देता येई.

संगणक व दूरध्वनी यांचे एकत्रीकरण

विदा वाहून नेण्याचे काम स्थानिक जाळ्याकडे गेल्यावर पीबीएक्स आणि संगणक यांच्यात वेगळे नाते निर्माण झाले. संगणकाने पीबीएक्सला आज्ञा द्याव्यात आणि पीबीएक्सने घडणाऱ्या गोष्टी संगणकाला कळवाव्यात, अशी व्यवस्था १९९० च्या दशकात रूढ झाली. मायक्रोसॉफ्ट व इंटेल यांचे 'टॅपी' आणि एटी अँड टी व नॉव्हेल यांचे 'टीसॅपी' ही त्यासाठीची प्रमुख साधने होती. कॉल सेंटरचा सगळा कारभार या सोयीवर उभा आहे. ग्राहकाचा कॉल येताच त्याच्या क्रमांकावरून त्याची माहिती कर्मचाऱ्याच्या पडद्यावर येते. कॉल दुसऱ्याकडे वळवल्यास माहितीही त्याच्यासोबत जाते.

आयपी दूरध्वनी

१९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने इंटरनेटवरून बोलण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. १९९६ मध्ये 'एच.३२३' आणि १९९९ मध्ये 'सिप' हे संकेतनियम प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये सिस्को या जाळ्याची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने सेल्सियस सिस्टिम्स ही कंपनी घेऊन या क्षेत्रात प्रवेश केला. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी 'अ‍ॅस्टेरिस्क' हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिण्यास प्रारंभ केला. त्यामुळे साध्या संगणकालाही पीबीएक्सचे काम करता येऊ लागले.

आयपी दूरध्वनीत आवाजाचे सामान्यतः २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात. ६४ किलोबिटांच्या पद्धतीने अशा एका तुकड्यात १६० बाइट असतात. त्यावर पत्ता व क्रम लिहिलेले ४० बाइटांचे शीर्षक चढते. सेकंदाला अशी ५० पॅकेट जातात, म्हणून ६४ ऐवजी ८० किलोबिट लागतात आणि ईथरनेटचे स्वतःचे शीर्षक त्यावर निराळे. पत्रापेक्षा लिफाफ्याचे वजन येथे दुर्लक्षित करता येत नाही. आवाज आकुंचित करणाऱ्या पद्धती वापरल्यास ही गरज बरीच कमी होते, 'जी.७२९' या पद्धतीत आवाजाला केवळ ८ किलोबिट पुरतात. मात्र अशा आकुंचित मार्गाने फॅक्स किंवा मोडेमचे सूर नीट पोहोचत नाहीत. म्हणून फॅक्ससाठी 'टी.३८' हे वेगळे मानक करावे लागले.

परिपथ पद्धतीत मार्ग राखीव असल्यामुळे आवाज ठरल्या वेळी पोहोचतोच. पॅकेट पद्धतीत तशी हमी नसते. एकामागोमाग टाकलेली पत्रे वेगवेगळ्या दिवशी, कधी उलट्या क्रमानेही पोहोचावीत, तसे पॅकेटांचे होते. ईमेलला एका सेकंदाचा उशीर जाणवत नाही. संभाषणात तो असह्य होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असल्यास बहुतेक वापरांत अडचण येत नाही. हे साधण्यासाठी तीन उपाय योजतात. एक, ऐकणाऱ्याच्या टोकाला पॅकेट क्षणभर साठवून योग्य क्रमाने आणि समान अंतराने वाजवतात. दोन, आवाजाच्या पॅकेटांवर अग्रक्रमाची खूण करून मार्गातील उपकरणांना ती आधी पुढे पाठवण्यास सांगतात. तीन, एकाच केबलवर आवाज आणि विदा यांची आभासी जाळी वेगळी ठेवतात, म्हणजे एकातील गर्दीचा दुसऱ्याला उपद्रव कमी होतो.

वीज, आणीबाणी आणि सुरक्षितता

साध्या दूरध्वनीला लागणारी वीज दूरध्वनी केंद्रातील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांकडून तारेतूनच येते. त्यामुळे घरची वीज गेली तरी तो चालतो. जुन्या पीबीएक्समध्येही बॅटऱ्या असत. शिवाय त्या संपल्यास ठरावीक दोन-चार एक्स्टेंशन आपोआप थेट ट्रंक लाइनींना जोडली जावीत, अशी सोय अनेक यंत्रणांत असे. रुग्णालय वा कारखान्यातील पहारेकऱ्याचा दूरध्वनी हा सहसा अशांपैकी एक असे.

आयपी दूरध्वनी हा वस्तुतः एक छोटा संगणक आहे. जाळ्याच्या केबलमधूनच वीज देण्याचे मानक २००३ मध्ये आले. त्यानुसार प्रत्येक केबलला कमाल १५.४ वॅट वीज पुरवता येते. पण ती वीज मजल्यावरील स्विचमधून येते. स्विच, राउटर, सर्व्हर आणि इंटरनेटची जोडणी या सर्वांना राखीव वीज नसेल, तर वीज जाताच साखळीचा एक दुवा तुटतो आणि इमारतीतील सगळे दूरध्वनी मुके होतात.

आणीबाणीच्या कॉलचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात मार्शल येथील एका मोटेलच्या खोलीत एका महिलेवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा आपत्कालीन क्रमांक चार वेळा फिरवला. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबणे आवश्यक असल्यामुळे एकही कॉल लागला नाही आणि त्या महिलेचा मृत्यू झाला. या घटनेनंतर २०१८ मध्ये 'कारीज लॉ' हा कायदा संमत झाला. त्यानुसार फेब्रुवारी २०२० नंतर बसवल्या जाणाऱ्या बहुएक्स्टेंशन यंत्रणांतून आधी कोणताही अंक न दाबता ९११ लागले पाहिजे आणि असा कॉल झाल्याची सूचना इमारतीतील जबाबदार व्यक्तीला मिळाली पाहिजे. यंत्रणेत यासाठी करावा लागणारा बदल बहुधा काही ओळींच्या मांडणीपुरता असतो. बाहेरच्या कॉलसाठी आधी ० किंवा ९ दाबावा लागणाऱ्या कोणत्याही देशातील यंत्रणेला हा धडा लागू पडतो.

कॉल कोठून आला हे ओळखणेही अवघड झाले आहे. जुन्या यंत्रणेत तार म्हणजेच पत्ता होता. आयपी दूरध्वनी उचलून दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्या शहरात लावला तरी त्याचा क्रमांक तोच राहतो. जागेची नोंद वेळोवेळी अद्ययावत न केल्यास मदत चुकीच्या ठिकाणी पोहोचू शकते.

जाळ्यावर आल्यामुळे दूरध्वनी यंत्रणेला संगणकांचे धोकेही लागू झाले. मूळ पासवर्ड न बदललेल्या यंत्रणा शोधून त्यांतून परदेशी महागडे कॉल करणे हा एक प्रचलित गुन्हा आहे. त्याचे बिल यंत्रणेच्या मालकाला भरावे लागते. मजबूत पासवर्ड, परदेशी कॉलवर मर्यादा, संकेत व आवाज यांचे कूटलेखन आणि कॉलच्या नोंदींची नियमित तपासणी हे त्यावरील मुख्य उपाय होत.

भारतातील स्थिती

भारतात अंकीय दूरध्वनी तंत्रज्ञानाचा स्वदेशी विकास ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने केला. सॅम पित्रोदा यांचा तिच्या स्थापनेत महत्त्वाचा वाटा होता. संस्थेच्या सुरुवातीच्या उत्पादनांत १२८ जोडण्यांची ईपीएबीएक्स आणि तेवढ्याच क्षमतेचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र यांचा समावेश होता. असे पहिले ग्रामीण केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, भारतीय हवामानात चालणे हे त्याचे वैशिष्ट्य होते.

इंटरनेटवरून बोलण्यास भारतात १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. कंपनीचे खासगी जाळे आणि सार्वजनिक दूरध्वनी जाळे यांतील कॉलची सरमिसळ होऊ नये, यासाठी दीर्घकाळ कडक नियम होते. अशा सरमिसळीमुळे लांब पल्ल्याच्या कॉलचे शुल्क बुडते, हे त्यामागील एक कारण होते. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या एकच असलेली यंत्रणा नियमांसाठी दोन भागांत विभागावी लागे. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवांसाठीचे नियम बरेच सैल केले आणि त्यांची ईपीएबीएक्स जगात कोठेही ठेवण्यास मुभा दिली.

सद्यःस्थिती

अनेक संस्थांत आता पीबीएक्स ही वस्तू म्हणून उरलेली नाही. ती दूरच्या सर्व्हरवर चालणारी, महिन्याच्या भाड्याने मिळणारी सेवा झाली आहे आणि टेबलावरील दूरध्वनीची जागा संगणक व मोबाइल यांवरील अ‍ॅप घेत आहेत. ब्रिटनमध्ये जुने परिपथ पद्धतीचे सार्वजनिक दूरध्वनी जाळे बंद करण्यासाठी जानेवारी २०२७ ही मुदत ठरवण्यात आली. मूळ मुदत डिसेंबर २०२५ होती. वृद्ध व आजारी व्यक्तींच्या घरातील साहाय्यसूचक उपकरणे जुन्या तारेवर अवलंबून असल्याने त्यांच्या सुरक्षिततेची चिंता हे मुदतवाढीमागील एक प्रमुख कारण होते.

नवी यंत्रणा बसवताना वेग आणि खर्च यांचा हिशेब सहसा केला जातो. त्याबरोबरच वीज गेल्यावर कोणता दूरध्वनी चालू राहील, आपत्कालीन क्रमांक थेट लागतो का आणि कॉल करणाऱ्याची जागा पलीकडे कळते का, या तीन गोष्टी प्रत्यक्ष कॉल करून तपासणे आवश्यक मानले जाते.